पुढचं घर एक

नोटांच्या छापखान्यात एकतीस वर्षं मोजणीला होतो,
नाशिकरोडला.
शंभराची गड्डी, वर कागदी पट्टी, पुढची गड्डी.
अजूनही जुनी बिलं चाळताना
अंगठा शंभरावर आपोआप थांबतो.

आता खेडगावला असतो, भाच्याच्या बागेत.
जानेवारीत घड उतरायला लागले
की सुरगाण्याकडून टोळी येते,
बोचकी, कोंबड्या, पोरं घेऊन.
माणसं वेलींखाली जातात.
पोरं शेडमध्ये उरतात, आणि मी.

द्राक्षाच्या खोक्याचा पुठ्ठा उलटा केला,
आतल्या कोऱ्या बाजूवर शंभर घरं आखली.
शिड्या मी काढल्या. साप धवळू गावितने.
तो म्हणाला, ही घोणस, हे फुरसं,
आणि ही धामण, धामण काही करत नाही.
म्हणून आमच्या पटावर एक साप असा आहे
ज्याच्या तोंडात गेलं तरी खाली यावं लागत नाही.

सोंगट्या चार: चिंचोका, बाटलीचं बूच,
सुकलेला मणी, माझ्या सदऱ्याचं बटण.
(मणी दुसऱ्याच दिवशी कुणीतरी खाल्ला.)
फासा तेवढा विकतचा, भद्रकालीतला.
पहिला आठवडा एकेक ठिपका बोट लावून मोजायचे,
आता फासा थांबायच्या आत ओरडतात, पाच!

एकोणतीसला सगळे अडखळायचे.
मी म्हटलं, बघा, तीसला एक कमी.
एकोणचाळीस, चाळीसला एक कमी.
वजाबाकी नावातच करून ठेवलीय.
धवळूच्या धाकट्या भावाने वर पाहिलं:
मग नव्व्याण्णव का? एकोणशंभर का नाही?
मी चष्मा पुसला.
इतक्या गड्ड्या हाताखालून गेल्या,
हे कधी विचारलं नव्हतं कुणी.

आणि जमनी भोये.
ती दरवेळी एक घर मागे राहायची.
चार पडले की चिंचोका आहे तिथूनच सुरुवात:
एक, दोन, तीन, चार.
जमने, उभी आहेस ते घर मोजायचं नाही.
पुढचं घर एक.
दहादा सांगितलं.
तिने चिंचोक्यावरचं बोट काढलं नाही.
का नाही मोजायचं? मी अठंच तं आहे.

त्या रात्री मला झोप लागली नाही असं नाही,
लागली. पण उशिरा.
डोळ्यांपुढे त्यांची पालं होती,
निळ्या प्लास्टिकची, ओळीने,
मागच्या वर्षी ओझरजवळ, यंदा इथे.

सकाळी शेडच्या फरशीवर खडूने मोठी घरं काढली
आणि तिलाच सोंगटी केली.
पाय उचल. टाक. आता म्हण, एक.
ती थांबली. मागच्या घराकडे बघितलं,
तिथे तिच्या ओल्या पायाचा ठसा होता.
मग हसली.
घर नाही मोजायचं, बाबा. पाऊल मोजायचं.
हे मला असं सांगता आलं नसतं.

त्या दिवसापासून सगळंच मोजायला लागली:
पालापासून नळ बावन्न,
नळापासून आई, म्हणजे आई असेल त्या ओळीपर्यंत,
कधी नव्वद, कधी दीडशे.
आई रोज लांब जाते, म्हणाली,
पण येताना तेवढीच पावलं लागतात.

मार्चमध्ये बाग उतरली.
पिकअप आली तेव्हा डाव अर्धा होता.
जमनीचा चिंचोका सत्त्याण्णवावर.
सहा पडले. चालत नाही.
पाच पडले. चालत नाही.
हॉर्न वाजला. तिने फासा माझ्या हातात ठेवला,
बटणाला हात लावू नको म्हणाली, तुझं एक्केचाळीस आहे.

मागचं फळकं लागलं.
बोचक्यांवर बसून ती काहीतरी मोजत होती,
ओठ हलताना दिसले, आकडा ऐकू आला नाही.

पुठ्ठा फडताळावर ठेवलाय, हलवला नाही.
भोवतीची धूळ फुंकरीने काढतो.
उंदरांनी चिंचोका नेला नाही
तर जानेवारीत पहिलं दान तिचं.
नेमके तीन हवेत.